जरीपटक्याची मालिका

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझा राग काही गेला नाही. तोही तुमच्याच वळणाचा, हट्टी. तुम्ही टेलिफोन एक्सचेंजमध्ये नंबरांची आखणी करायचात. नागपूर वाढत होतं, आणि कोणत्या वस्तीला आकड्यांची कोणती मालिका द्यायची हे तुमच्या हातात होतं. लकडगंजची एक, आपण राहायचो त्या जरीपटक्याची दुसरी. पहिले दोन आकडे पाहिले की यंत्राने कॉल त्या बाजूला वळवायचा, पुढचं पाहायची त्याला गरजच पडू नये, हे तुम्ही जेवताना आईला समजावून सांगायचात. आई भाकरी थापत असते आणि तुम्ही म्हणता, "अर्धी मालिका रिकामी ठेवली म्या. उद्या वस्ती वाढन." आई म्हणते, "वा! तुमचे नंबर रिकामे बसले, अन् आपल्या घरी फोन नाही."

ती गमतीत म्हणायची, पण छातीत दुखायला लागल्यापासून ती फोन मागत होती. जरीपटक्याचं एक्सचेंज व्हायला अवकाश होता. तोवर शहराच्या मालिकेतला एखादा नंबर लांबून तार ओढून आपल्या क्वार्टरला देता आला असता. तुमच्या साहेबांनी तर स्वतःहून विचारलं होतं. तुम्ही नाही म्हणालात. "एकाले देला का दहा येतात. उद्या इथलं एक्सचेंज झालं तरी तो नंबर कोणी सोडत नाही, मंग एकेक नंबर यंत्राले येगळा शिकवत बसा." आणि माझ्याकडे वळून, "आपल्याच घरी नियम मोडला तं लोकाले कोन्त्या तोंडानं सांगू वं?" मला तेव्हा तुमचा अभिमान वाटला होता. त्याचीही आता चीड येते.

आईला झटका आला तो भर दुपारी. मी बाजारातल्या कापड दुकानाकडे धावले. तिथे तुमच्या आखणीच्या आधीचा एक जुना फोन होता. त्याच्या डायलला कुलूप होतं, तेव्हा सगळेच लावायचे. मुनीम म्हणाला, "चाबी सेठजी के पास है बेटी, खाना खाने गये हैं." मी ते कुलूप ओढत राहिले. मग रिक्षा शोधली, आईला एकटीने उचलून बसवलं. डॉक्टर म्हणाले, फार उशीर झाला. तुम्ही आलात तेव्हा तिच्या अंगावर चादर ओढलेली होती.

पुढे एक्सचेंज झालं आणि आपल्याकडे फोन आला, अगदी जरीपटक्याच्याच मालिकेतला. पहिला कॉल तुम्ही ऑफिसातून केलात. मी उचलला. वाटलं, आज तरी आईबद्दल काही बोलाल. तुम्ही विचारलंत, "आवाज साफ येऊन राहिला का?" मी म्हणाले, "येऊन राहिला." मरेपर्यंत तुम्ही त्या विषयावर चकार शब्द काढला नाहीत.

आता मी एका कॉलेजात संगणकांचं जाळं सांभाळते. संगणकांनाही नंबर असतात. प्रत्येक इमारतीला मी नंबरांचा सलग पट्टा तोडून देते, वाढीसाठी जागा सोडते. नंबराचा सुरुवातीचा किती भाग पाहून इमारत ओळखायची ते एकदा ठरवून दिलं, की एका इमारतीला यंत्रात वाट दाखवणारी एक ओळ पुरते. तुमचंच काम, यंत्र तेवढं नवं. परवा ग्रंथालयातली एक बाई आली. गुडघ्यांमुळे तिला दुसऱ्या इमारतीत तळमजल्यावर बसायचं होतं, पण ग्रंथालयाची यंत्रणा तिच्या संगणकाला जुन्या नंबरानेच ओळखायची, तो बदलला तर तिचं काम अडलं असतं. तिच्या एका संगणकासाठी वेगळी ओळ लिहावी लागली. माझा चहा निवायच्या आत लिहून झाली. जाळं कोसळलं नाही, दहा जण दाराशी आले नाहीत. तुमचं यंत्र जुनं होतं, मान्य. तार ओढण्यात दिवस गेला असता. दिवसच ना, बाबा?

हे तुम्हाला पोचणार नाही, म्हणूनच लिहिते. ती बाई आली तेव्हा माझ्या तोंडून आधी "नाही"च निघालं होतं, आणि ते म्हणताना मला बरं वाटलं.