चिंचपोकळीची खोली

मुंबई, ता. ९ नोव्हेंबर १९५७

तीर्थरूप सौ. वहिनींस,
छगनचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

मी खुशाल आहे. दादांची पाठ आता कशी आहे ते कळवावे. दिवाळीचे चार दिवस रनाळ्यात कसे सरले ते समजलेच नाही. परत आल्यापासून दिवसभर शिवडीच्या गोदामात कापसाच्या गाठींची नोंद करतो आणि सुटी झाली की खोल्या पाहत हिंडतो.

आजवर सतरा पाहिल्या. एका मालकाला मूल नसलेला भाडेकरू हवा होता. दुसरा जिला खोली म्हणत होता ते जिन्याखालचे कपाट निघाले. आत उभे राहायला टोपी काढावी लागली. जी खोली मनात भरते, तिची पागडी ऐकून मी खाली उतरतो. पागडी म्हणजे भाडे वेगळेच, नुसते आत पाऊल टाकायचे पैसे. तेवढ्यात आपल्याकडे विहिरीसकट मळा येईल.

खानावळीच्या माडीवर आम्ही नऊजण राहतो, त्याचे मला काही वाटत नाही. पण निघायच्या दिवशी सरलाने दाराआडून तुम्हाला विचारले ते मी ऐकले होते: "हाऊ पाव्हना कव्हय जाई?" पाच वर्षांची पोर बापाला पाहुणा समजते. होळीपर्यंत खोली झाली नाही तर नोकरी सोडून घरी येईन. हे अनुसयेला सांगू नये.

आपल्या पायांशी माझी जागा राखून ठेवावी. तिला पागडी पडत नाही.

आपला,
छगन

•

रनाळे, ता. २४ नोव्हेंबर १९५७

चि. छगनभाऊस,
जसोदाबाईचे अ. उ. आशीर्वाद.

अनुसयेला सांगू नये असं तू लिहिलंस खरं, पण माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. मोठ्याने वाचल्याशिवाय मला कळत नाही, हे तुला ठाऊक आहे. तेव्हा पत्र अनुसयेने ऐकलं, तुझ्या दादांनी ऐकलं, आणि मिरच्या निवडायला आलेल्या गजराबाईनेही ऐकलं. गजराबाईचं मत पडलं की एवढे पैसे मागत असतील तर मुंबईच्या लोकांनी झाडावर राहावं.

नोकरी सोडायचं नाव काढू नकोस. दोघा भावांचं भागेल एवढी जमीन नाही, म्हणून तुला मॅट्रिकपर्यंत शिकवलं. तुझे दादा म्हणतात, यंदा मिरची बरी आहे, पागडीला हातभार लावू. पाठीचं विचारलं तर म्हणतात, पाठ आहे.

अनुसया संध्याकाळी सरलेला मांडीवर घेऊन तुझा फोटो दाखवत बसली होती. बापाची ओळख फोटोवरून करून द्यावी लागते, हे मला बघवत नाही. तेव्हा अठरावी खोली बघ, एकोणिसावी बघ, पण बघ.

लहानपणच्या तुझ्या सगळ्या खोड्या माफ केलेली,
तुझी वहिनी जसोदा

•

मुंबई, ता. १२ फेब्रुवारी १९५८

तीर्थरूप सौ. वहिनींस,
छगनचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

खोली मिळाली आहे आणि मिळालेली नाही. मोठ्याने वाचणारच आहात, तर सगळ्यांना बोलावून वाचावे.

चिंचपोकळीला तिसऱ्या मजल्यावर दहा बाय बाराची खोली, पुढे गॅलरी, नळ मजल्यावरच. भाडेकरू उमरावबाई म्हणून एक वृद्ध विधवा आहेत. मी दारात उभा राहून अदबीने हिंदी बोलू लागलो, तर त्यांनी मला नखशिखान्त पाहून थेट आपल्या बोलीत विचारले, "तू कोठला शे रे भाऊ?" वहिनी, माझ्या हातातली छत्री पडली. बाई मूळ मारवाडी, पण जन्म आपल्याकडच्या खापर गावात गेला. यजमान दीपचंद यांचे तिथे कापडाचे दुकान होते. मुंबईत येऊन धंदा बसला, आणि तेही गेले. मूलबाळ नाही. आता इंदूरचा पुतण्या म्हणतो, पागडी घेऊन खोली सोडा आणि माझ्याकडे या.

पैसे माझ्या आवाक्यातले होते. इसार देण्यासाठी मी खिशात हात घातला. बाई मला खिडकी कशी लावायची ते दाखवत होत्या, कारण ती थोडी उचलून लावावी लागते. दाखवता दाखवता त्या मध्येच थांबल्या. मी विचारले, इंदूरला जाण्याची इच्छा आहे ना? त्या म्हणाल्या, "जाते कुठे, धाडताहेत."

मी इसार न देता परत आलो. मूर्ख म्हणा. पण दुसऱ्या दिवशी जाऊन मी त्यांच्यापुढे वेगळीच गोष्ट ठेवली. त्यांनी कुठे जाऊ नये. आम्ही तिघे तिथे येऊ, भाडे भरू, त्यांना सांभाळू. पागडी त्यांना नको. मालकाचा वाटा तेवढा देऊन भाड्याची पावती पुढे माझ्या नावावर करायची. त्या राजी आहेत. मात्र त्या जैन, तेव्हा घरात कांदा, लसूण, बटाटा नाही, आणि चूल दिवस मावळण्याआधी बंद. दहा बाय बारा, माणसे चार, त्यांतले एक परके. अनुसया नको म्हणाली तर मी तिला दोष देणार नाही. तिला विचारून कळवावे.

आपल्या रागासाठी तयार,
छगन

•

रनाळे, ता. २४ फेब्रुवारी १९५८

चि. छगनभाऊस,
जसोदाबाईचे अ. उ. आशीर्वाद.

रागावले, हे आधी लिहिते. तीन वर्षं वाट पाहून पोरीने संसार मांडायचा आणि त्यात पहिल्या दिवसापासून परकी म्हातारी? तुझे दादा मात्र हसत सुटले. म्हणाले, छगन गेला खोली आणायला आणि आई घेऊन आला.

अनुसया शेंगा फोडत होती. सगळी टोपली तिने फोडून संपवली. मला वाटलं, आता रडते. मग टरफलं झटकून उठली आणि म्हणाली, "म्हातारीले ऱ्हाऊ द्या. मी येस." पुढे म्हणाली की दिवसभर हे गोदामात, परक्या गावात सरलेला घेऊन एकटीने बसण्यापेक्षा आपली बोली बोलणारं माणूस घरात असलेलं काय वाईट?

लसणीची चटणी डबा भरून देते आहे. ती गोदामात ठेव आणि तिथेच खा. दादा होळीनंतर दोघींना पोचवायला येतील.

तुझ्यावर रागावलेली आणि तरीही तुझीच,
वहिनी जसोदा

•

मुंबई, ता. ५ ऑक्टोबर १९५८

ती. सौ. मोठ्या बाईंस,
अनुसयेचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

आम्ही चौघं मजेत आहोत. सरला शाळेत जाते, आणि घरी येऊन उमरावबाईंना धडे शिकवते, चुकलं तर कान धरायला लावते. हे साडेसातला येतात, तोवर जेवण गार होतं. तक्रार करत नाहीत, कारण चटणीचा डबा गोदामात आहे. तो संपला आहे, असं कळवायला सांगितलंय.

आता मुख्य गोष्ट. मालकाचा मुनीम आज या, उद्या या करत राहिला, त्यामुळे पावती इतके दिवस उमरावबाईंच्याच नावावर होती. मागच्या आठवड्यात त्यांचा पुतण्या किशनलाल आला, बरोबर एक व्यापारी. त्याने खोलीचा जो आकडा सांगितला, तो ह्यांच्या कित्येक वर्षांच्या पगाराएवढा होता. कागद काहीच नव्हता आमच्याकडे. ह्यांनी उमरावबाईंना स्पष्ट सांगितलं, तुम्हाला एवढे पैसे पुन्हा मिळायचे नाहीत, आमच्याकडे बघून अडू नका, आम्ही गावी जाऊ. मी आत भांडी घासत होते. तेच भांडं किती वेळ घासलं, देव जाणे.

उमरावबाईंनी पुतण्याला चहा दिला, व्यापाऱ्याला दिला, आणि दोघांना जिन्यापर्यंत पोचवून आल्या. मग मला म्हणाल्या, लुगडं बदल, चल. तीन मजले उतरायला त्यांना अर्धा तास लागला. मुनिमासमोर जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, पावती झाल्याशिवाय उठणार नाही. तो घाबरला. पेन उचलून त्याने ह्यांचं नाव विचारलं. तेव्हा उमरावबाई म्हणाल्या, "दीपचंद गेल्यावर ही पावती माझ्या नावावर व्हायला मी दोन वर्षं जिने चढले. हिच्यावर ती पाळी नको. बाईचं नाव लिही."

घरी आल्यावर ह्यांनी पावती दोनदा वाचली, उलटी करून मागे पाहिली, आणि विचारलं की मग मी कोण? मी सांगितलं, तुम्ही खुशाल राहा, फक्त भाडं वेळेवर देत जा.

दादांना नमस्कार. तुमची माया इथे तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचते आहे, ती अशीच येऊ द्यावी.

आपली धाकटी जाऊ,
अनुसया, भाडेकरू