कशावरून?

३ जुलै
हेडसरांनी मधल्या सुट्टीत बोलावून एक छापील पान हातात दिलं. देवाने सगळे प्राणी आणि माणूस आज आहेत तसेच एका फटक्यात घडवले — हे आता नववीच्या विज्ञानात, उत्क्रांतीच्या धड्याला जोडून शिकवायचं. चाचणीत प्रश्नही येणार. मी म्हटलं, नीतीच्या तासाला शिकवा, मी स्वतः ऐकायला बसेन. विज्ञानात नको.
'एका तासाचा तर प्रश्न आहे, बाई.'
भौतिकशास्त्रवाल्या भिंगसरांकडे आशेने पाहिलं. चष्मा पुसत म्हणाले, 'माझ्या प्रकाशाच्या धड्याला कुणी हात लावलेला नाही.' झालं. हात झटकून मोकळे.

४ जुलै
नाना, माझे वडील, आमच्याकडेच असतात. धर्मग्रंथ वाचल्याशिवाय चहाला शिवत नाहीत. वाटलं, ते तरी खूश होतील. पान वाचून भडकले. 'म्हणजे माझ्या श्रद्धेला तू पाचपैकी किती देणार? साडेतीन?'
हसू आलं. फार वेळ टिकलं नाही.

८ जुलै
पालकसभा. औषधाचं दुकान असलेले एक पालक तावातावाने उठले — 'या बाई आमच्या पोरांना माकडाची औलाद म्हणतात!' टाळ्या. बाकीचे शिक्षक वह्या चाळत बसले.
मी असं कधीच म्हटलेलं नाही. मी म्हणत नाही, विचारते. कुणी काही ठोकून दिलं की माझा एकच प्रश्न — 'कशावरून?' पोरांनी माझं नावच पाडलंय, कशावरूनबाई. मला आवडतं ते. नोकरीत मिळवलेलं एवढंच तर आहे.
सभेनंतर हेडसर जिन्यात हळूच म्हणाले, 'तुमच्या कायम नेमणुकीचं याच महिन्यात ठरायचंय.' आणि जिना उतरून गेले.

९ जुलै
हे म्हणतात, 'वाचून टाक आणि मोकळी हो. मानायला कोण सांगतंय तुला?' यांची नोकरी सुटल्यापासून घर माझ्यावर आहे, म्हणून वाद घातला नाही.
लेक जेवता जेवता म्हणाली, 'आई वाचणारच नाही. बघा बाबा.'
ती माझ्याच वर्गात आहे. वर्गात मी 'बाई' आणि 'तुम्ही'. शाळेच्या फाटकाबाहेर पडलं की 'आई' आणि 'तू'. कधी चुकत नाही पठ्ठी.

१५ जुलै
वाचलं.
शंखाचा ठसा उमटलेला एक दगड आहे माझ्याकडे. दरवर्षी या धड्याला तो बाकाबाकांवरून फिरवते. आज कपाटातच ठेवला. मान खाली घालून पान वाचत गेले.
'कशावरून, बाई?'
लेकीचा आवाज. वर्ग हसला, नेहमीसारखा, प्रेमाने. व्हरांड्यात हेडसर उभे होते.
मी म्हटलं, 'पानावर आहे तेवढं लिहून घे.'
'पण कशावरून?'
'खाली बस. आगाऊपणा नकोय मला.'
बसली. त्यानंतर कुणीच काही विचारलं नाही. तास संपेपर्यंत नुसता पेनांचा आवाज. स्वतःची किळस येतेय मला.

१६ जुलै
लेक माझ्या आधीच शाळेला निघून गेली.

२२ जुलै
नेमणूक कायम झाली. यांनी पत्र दोनदा वाचलं. नानांनी डोक्यावर हात ठेवला, पण माझ्याकडे बघितलं नाही.

२९ जुलै
चाचणीचे पेपर तपासले. सगळ्यांनी ते पान पाठ करून उतरवलंय. लेकीनेसुद्धा, शब्दन्‌शब्द, स्वल्पविरामासकट. पाचपैकी पाच द्यावे लागले. खालचा उत्क्रांतीचा प्रश्न — तोही तसाच, घडाघडा पाठ. कुणाच्याही पेपरात एकसुद्धा 'कारण' नाही.

३० जुलै
ती स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. न राहवून विचारलं, 'ते सगळं कशावरून लिहिलंस गं?'
फडकं खाली ठेवलं तिने.
'तुम्ही सांगितलंत म्हणून, बाई.'