नाव ठेवायचे राहिले

अलिबाग,
ता. २ फेब्रुवारी १९६७

चि. सौ. कुमुदिनीस,
अ. उ. आ.

आपणा बायकांची एक जुनी तक्रार आहे. मूल धड निपजले तर ते घराण्याचे, अधू निपजले तर आईचे. काल मुंबईहून परतताना हरी इथे उतरला, तेव्हा ती पुन्हा आठवली. लेकीच्या रक्ताची तपासणी करून डॉक्टर काय म्हणाले ते त्याने सांगितले. शरीर घडवणाऱ्या सूत्रांपैकी एकाचा बारीक तुकडा जन्माआधीच तुटला, म्हणून ती वाढत नाही आणि मांजराच्या पिलासारखी रडते. औषध नाही. चालेल उशिरा, बोलेल की नाही ते ठाऊक नाही. एवढे सांगून माझा भाऊ चहा न घेताच एस.टी.कडे गेला.

तू रडून घे, पण मान खाली घालू नकोस. दोष कोणाचाच नाही, असे डॉक्टरच म्हणाले आहेत. आणि पोर चार महिन्यांची झाली, तरी बारसे का नाही, ते कळव.

आमच्यावर लोभ करतेस तसा थोडा स्वतःवरही कर.

गोदावरी

चौल,
ता. ८ फेब्रुवारी १९६७

ती. वन्संना कुमुदचा शि. सा. न. वि. वि.

लिहायला बसले की ही उठते, म्हणून उत्तराला उशीर. चमच्याने दूध पाजते, निम्मे नाकातून परत येते. पुसायचे, पुन्हा पाजायचे, तोवर पुढची वेळ होते. तुमच्या भाषणांना अलिबागेत टाळ्या पडतात हे ठाऊक आहे. पण वन्सं, भाषणाने हिच्या घशाखाली दूध उतरत नाही. रागावू नका, दमले आहे.

दोष कोणाचाच नाही म्हणता. माझा आहे. सातव्या महिन्यात, बाळासाठी शिवलेल्या दुपट्यांवर मांजर व्यायली. मी चिडले. आपल्या वाडीत कामाला येते त्या ठमाबाईला पिले टोपलीत घालून वाडीच्या टोकाला ठेवायला लावली. तीही बालंतीनच हाय, वैनी, असे ती म्हणत होती. मी ऐकले नाही. एकही पिलू जगले नाही. आता डॉक्टर सांगतात की परदेशी पुस्तकांत या दुखण्याला नावच मांजराच्या रडण्यावरून दिले आहे. सासूबाई म्हणाल्या, बघा, डॉक्टरलाही मांजरच दिसले. माझ्या पाटल्या मोडून सोन्याचे मांजर करायचे, काशीला नेऊन दान द्यायचे आणि तोवर बारसे नाही, असे ठरते आहे. जिला हाकेला ओ देता येणार नाही तिला नाव कशाला, असेही त्या म्हणतात. हे दिवसभर पोफळींना पाणी लावतात. शेजारच्या बायका येतात, मनी कशी आहे म्हणून विचारतात. वन्सं, हिला नावे सगळे ठेवतात, नाव कोणी ठेवत नाही.

तुमचा लोभ आहे म्हणून इतके लिहिले. तो आटू देऊ नये.

कुमुद

अलिबाग,
ता. १३ फेब्रुवारी १९६७

चौलच्या घरातील सर्वांस गोदावरीचे यथायोग्य. कुमुद, हे आईला मोठ्याने वाचून दाखव.

आई, मागे तुला कमरेला नागीण झाली होती. तेव्हा तू कोणता नाग मारला होतास? कमरेला वेटोळे दिसले म्हणून लोकांनी नागीण म्हटले. इथे रडणे तसे ऐकू आले म्हणून डॉक्टरांनी मांजर म्हटले. नाव दुखण्याला पडले आहे, पापाला नव्हे. पिलांचे कुमुदला वाईट वाटते, ते वाटायलाच हवे. पण मांजराच्या शापात एवढी ताकद असती, तर तुझ्या माळ्यावरचे उंदीर केव्हाच संपले असते.

हरी, पोफळी घटकाभर तुझ्यावाचून उभ्या राहतील. लेकीला मांडीवर घे आणि चमचा धरायला शीक.

पोर बरी होईल असे मी म्हणत नाही. डॉक्टरांनी सांगितले ते मलाही कळले आहे. ती ओ देईल, न देईल. हाक आपल्याला मारायची आहे, आणि हाक मारायला नाव लागते. ते ठेवण्याचा मान आत्याचा. तो मी सोडणार नाही. मी तिच्या कानात माझ्या आजीचे, आई, तुझ्या सासूबाईंचे नाव सांगणार आहे. राही. मग ही कोणाची, हे कोणी विचारायला नको.

काशीला कोणी जायचे नाही. पाटल्या कुमुदच्या हातात दिसू देत. मी शनिवारच्या एस.टी.ने येते. त्या रात्री दूध मी पाजेन, कुमुदने झोपायचे.

माझ्या वाट्याचा लोभ यापुढे राहीला द्यावा. रविवारी सकाळी पाळणा बांधून ठेवा.

गोदावरी