आधी गोळी घे

१४ नोव्हेंबर, दुपार

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद. मला हॉस्पिटलमधून घरी सोडलं आहे. तुझ्या भावोजींनी खाट खिडकीपाशी ओढून दिली आहे आणि स्वयंपाकघर ताब्यात घेतलं आहे. भाजीत मीठ घालायला विसरतात आणि वर मलाच सुनावतात, की आहारतज्ज्ञ बाईंनी तक्रार करू नये. तुझं पत्र काल पोचलं. तुला दिवस गेले हे वाचून मी त्यांना हाक मारली, तर ते साबणाचे हात तसेच घेऊन धावत आले.

मग दुसरं पान वाचलं आणि माझा पारा चढला. तू गोळ्या बंद केल्यास? मागच्या पत्रात मी लिहिलं होतं, की डॉक्टरांनी मला फोलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या मनानं घेऊ नका म्हणून बजावलं आहे, त्यानं रोगालाच खतपाणी मिळायचं. ते माझ्यापुरतं होतं, बाई. त्यावरून ‘ताईला जे विष, ते माझ्या बाळाला कसं देऊ’ असं ठरवून तू मोकळी झालीस. फोनवर समजावलं असतं तर ‘हो ताई’ म्हणाली असतीस आणि गोळी केरात टाकली असतीस. तुला मी ओळखते. म्हणून भावोजींच्या हाती पत्र पाठवते आहे. माझ्याजवळ शेजारीण बसेल.

आता नीट वाच. आपल्या प्रत्येक पेशीत सगळ्या कामांच्या सूचना असतात. डोळ्याच्या पेशीला नखाचं काम करायचं नसतं, म्हणून नको त्या सूचना बंद ठेवाव्या लागतात. बंद करायला शरीर मिथाइल नावाच्या बारीक खुणा लावतं. त्या घडवायला माल लागतो तो अन्नातून येतो, हिरव्या भाजीतून, अंड्यातून, डाळीतून. फोलिक अ‍ॅसिड त्यातलंच. नवी पेशी तयार व्हायलाही तेच लागतं. माझ्या रक्तात या खुणा भलत्याच जागी बसल्या. पेशींना ‘आता पुरे, थांबा’ सांगणाऱ्या सूचनाच बंद पडल्या, तोच हा रक्ताचा कॅन्सर. मला इंजेक्शनं चालू होती ती या खुणा उतरवायला. अशा वेळी वरून गोळ्या गिळणं धोक्याचं, एवढाच त्याचा अर्थ. वाढणाऱ्या पेशीला फोलिक अ‍ॅसिड हवं असतं, मग ती बाळाची असो की माझ्या रोगाची. ते आपलं-परकं बघत नाही. ते तुला आणि मला बघता येतं.

तुझ्या पहिल्या बाळाचं नाव काढायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण त्याच्या पाठीचा कणा मिटलाच नव्हता, पाठ उघडी राहिली होती, आणि ते होतं तितके दिवस तू त्याला मांडीवर पालथंच धरून बसायचीस, ते मी कशी विसरू? तेव्हा तुझी काही चूक नव्हती. पण म्हणूनच या वेळी तुला डॉक्टरांनी इतर बायकांपेक्षा मोठी गोळी दिली आहे. बाळाचा कणा नीट मिटायला हीच गोळी लागते, आणि तो अगदी सुरुवातीला मिटतो, पोट दिसायच्या कितीतरी आधी. म्हणजे आत्ता. गोळ्या किती दिवस चुकल्या ते आजच तुझ्या डॉक्टरांना सांग, लपवू नकोस.

जरा दुसरं काही लिहिते. नोकरीत असताना वॉर्डात माझा एक नियम होता, तुला ठाऊक आहे. पेशंटचं ताट संपेपर्यंत कुणीही त्याला वाईट बातमी सांगायची नाही. उपाशी पोटी असलं काही ऐकलं की माणूस पुढे दोन दिवस अन्नाला शिवत नाही. मी दारात आडवी उभी राहायचे आणि मोठमोठे डॉक्टर बाहेर ताटकळायचे. मागून मला फौजदारीणबाई म्हणत. परवा आमचे डॉक्टर माझ्या खोलीच्या दारातच थांबले आणि विचारलं, “बाई, जेवण झालं का?” ताटात दोन घास उरले होते. मी म्हटलं, “अजून नाही.” ते बिचारे आत येऊन स्टुलावर बसले आणि भिंतीकडे बघत राहिले. त्या दोन घासांना मी खूप वेळ लावला.

इथं वाचायचं थांबव. पत्र खाली ठेव, ऊठ, पाणी घे आणि भावोजींच्या समोर गोळी घे. त्यांनाही पाणी दे. त्यांच्या चेहऱ्यावरून काही विचारू नकोस.

घेतलीस?

आता सांगते. इंजेक्शनांचा उपयोग होत नाहीये. त्यांनी थांबवली आहेत. दुखू नये एवढं बघतील, आणि बघतात, त्याची काळजी करू नकोस. माझं सगळं पथ्यही उठवलं आहे. ‘हवं ते खा’ म्हणाले. जन्मभर हे वाक्य मी कुणाकुणासाठी ऐकलं आहे, त्यामुळे मला आणखी विचारावं लागलं नाही. मला भीती वाटते, ठमे. रात्री यांचा हात धरून झोपते.

बाळंतपणाला येशील ना, असं तू विचारलं आहेस. नाही येणार गं. फार यायचं होतं.

बाळ झालं की त्याला मांडीवर पालथं घाल आणि त्याच्या पाठीवरून एकदा माझा म्हणून हात फिरव. आजची गोळी मी समोर माणूस बसवून घ्यायला लावली. उद्याची तुझी तू घे.

तुझी,
ताई