शाहीर केरबाआप्पांचा जीवनपट

४ जानेवारी
आजपासून लग्नाच्या ऑर्डरी बंद. कायमच्या. न्हावऱ्यातला बाळासो व्हिडिओवाला आज संपला. यापुढे डॉक्युमेंटरी फिल्ममेकर.
शाहीर केरबाआप्पांनी स्वतः बंगल्यावर बोलावलं. 'नदीचं गाणं' ज्यांनी महाराष्ट्रभर नेलं ते शाहीर, पुढे पुढारी. आपल्याकडं त्यांच्या शब्दाबाहेर कुणी बोअरसुद्धा घेत नाही. पंचाहत्तरीला त्यांच्यावर फिल्म दाखवायची आहे. म्हणाले, "पुण्याचे लय येऊन गेले, पण मला आपला मानूस पायजे. पथकातली जुनी मानसं हुडका. कोण उरलंय, कुठं हाय, काय बोलतंय, मला सांगत चला."
एवढा मोठा माणूस, पण जुन्या सहकाऱ्यांची केवढी काळजी!
सुवर्णाला सांगितलं. ती म्हणाली, मग रविवारचा साखरपुडा कोण शूट करणार? बायकोला कलेतलं कळावं अशी अपेक्षा नाही.

५ जानेवारी
संकल्प: रोज पहाटे उठून नॅचरल लाइटमध्ये शूट. उठलो तेव्हा ऊन अंगणात आलं होतं. तसंही मागच्या उसात बिबट्या आहे. पहाटे बाहेर पडणं बेजबाबदारपणाचं ठरलं असतं.
दाढी वाढवायला सुरुवात.

८ जानेवारी
केंदूर. पहिली मुलाखत. गेनबामामा, पथकात झांज वाजवायचे.
कॅमेरा लावला. मामा म्हणाले, "आप्पा देवमानूस हायती." मग पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. विचारलं, 'नदीचं गाणं' रचलं कुणी? मामांनी कॅमेऱ्याच्या लाल दिव्याकडं बोट केलं. "त्ये बंद करा." केलं. म्हणाले, "आता जावा."
सून चहा घेऊन येत होती, तिला मामांनी दारातनंच परत पाठवलं. डायबेटीस असावा.
निष्कर्ष: ग्रामीण भागात कॅमेऱ्याची भीती फार.
संध्याकाळी आप्पांना फोन केला. त्यांनी सगळं विचारलं. मामा काय बोलले आणि काय बोलले नाहीत. 'काय बोलले नाहीत' हे खरा कलावंतच विचारतो! मी माझं निरीक्षण सांगितलं: गाण्याचा विषय निघाला की मामा काहीतरी दाबून ठेवतात. आप्पा म्हणाले, "तुमची नजर बारीक हाय."
कुणीतरी प्रथमच म्हणालं.

११ जानेवारी
साखरपुडा शूट केला. स्टँडशिवाय, हँडहेल्डचा सराव म्हणून.

१४ जानेवारी, संक्रांत
गेनबामामांच्या डाळिंबाच्या बागेतलं सगळं ठिबक रात्रीत कापलं म्हणे. एकही नळी सोडली नाही. गावात सगळे म्हणतात, उंदीर. उंदीर इतकं सरळ कापतात हे मला नवीन आहे.
तिळगूळ घ्या म्हणायला मामांना फोन केला. उचलला नाही. बागेचा चांगला शॉट मिळाला असता.

१७ जानेवारी
दौंड. सिद्दीकच्या दुकानात. एडिटिंग तोच करणार. आयटीआयपासूनचा दोस्त आहे, म्हणून त्याचं ऐकून घेतो. म्हणाला, "बाळ्या, ज्याच्यावर फिल्म हाय त्यालाच रोज रिपोर्ट कशापायी देतो?" त्याला समजावलं की याला रिसर्च म्हणतात. तो म्हणाला, "आन् त्या मामाच्या ठिबकला काय म्हंत्यात?"
सिद्दीक हुशार आहे, पण निगेटिव्ह.

२१ जानेवारी
मोठा शोध! आप्पांच्या हॉलमध्ये पथकाचा जुना फोटो आहे. त्यात एक तरुण बाई. आप्पा म्हणाले होते, "ती कुशाबाई. गानारी व्हती. मेली असंल. घावली तर बघा." मी दौंडच्या मंडईत भाजीवाल्या बायकांना फोटो दाखवत फिरलो. एकीने ओळखलं. रेल्वे लाइनीच्या कडेला शहाबानो नावाच्या बाईंच्या मागच्या खोलीत राहतात. वाती वळतात.
पुण्याच्या पत्रकारांना जे जमलं नाही ते मी भाजीवाल्यांत फिरून केलं.
कुशाबाईंनी पहिल्यांदा विचारलं, "कुनी पाठीवलं?" मी अभिमानाने नाव सांगितलं. बाई हसायला लागल्या. किती वेळ हसत होत्या. शहाबानोचाची धावत आल्या, मला बाहेर काढायला बघत होत्या. कुशाबाईच म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे गं. उद्याच्याला येऊ दे त्याला. लपून लपून कटाळा आला मला."
बाईंची अट एकच. "मी मेल्यावर दाखवायचं, तवर आप्पाला कळू द्यायचं न्हाई."
शब्द दिला. आमच्या क्षेत्रात शब्द म्हणजे सर्व काही.

२२ जानेवारी
मुलाखत झाली. खिडकीतून सुंदर साइड लाइट.
बाई म्हणाल्या, 'नदीचं गाणं' आप्पांचं नाही. पथकात हरिबा म्हणून होता, त्याचं. तो रेडिओवर जाऊन तसं सांगणार होता. जायच्या आदल्या दिवशी दौंडजवळ भीमेत त्याचं प्रेत मिळालं. पाय घसरला असं ठरलं.
"नदीला पूर न्हवता. हरिबा पान्यात गेला न्हाई. त्याला नेला. चौघं व्हते. पुढं कोन व्हतं त्ये मी पाह्यलंय."
मग त्यांनी नाव घेतलं. नेमकी तेव्हाच मालगाडी आली. टेक्निकली अशक्य साउंड. मी म्हणालो, बाई, नाव तेवढं परत सांगा. त्यांनी गाडी जाऊ दिली. मग कॅमेऱ्यात बघून परत सांगितलं. या वेळी एकदम क्लिअर.
तसंच सिद्दीककडं गेलो. त्याने हेडफोन लावला. ऐकता ऐकता उठून दुकानाचं शटर अर्धं ओढलं. म्हणाला, "कार्ड माझ्याकडं ठिव. आन् आप्पांम्होरं ह्या म्हातारीचं नाव सुदिक काढू नगंस. तुला शपथ हाय."
ठरलं. तोंडाला कुलूप.
(कार्ड द्यायचं गडबडीत राहून गेलं. बॅगेतच आहे. पुढच्या फेरीला देईन.)

२६ जानेवारी
झेंडावंदन. आप्पांनी मला पहिल्या रांगेत, स्वतःच्या शेजारी बसवलं! तहसीलच्या साहेबांना सांगितलं, "हे आमचे डायरेक्टर." सुवर्णा लांबून बघत होती. बघू दे.
जिलेबी खाताना आप्पांनी विचारलं, "कुशी घावली का?" मी हो म्हणालो नाही. एवढंच म्हणालो की दौंडकडं जरा प्रगती आहे. आप्पांनी खांद्यावर हात ठेवला. हात उचलला नाही.
मग मी विचार केला. डॉक्युमेंटरीची नैतिकता काय सांगते? दोन्ही बाजू आल्या पाहिजेत. आप्पांची बाजू घ्यायची तर आरोप काय आहे हे त्यांना कळायला नको का? ज्याच्यावर फिल्म आहे त्यालाच अंधारात ठेवणं हा अन्याय आहे. फोनवर छोटी क्लिप होती. तेवढीच दाखवली.
आप्पांनी पूर्ण बघितली. डोळ्यांत पाणी आलं असावं. गॉगल होता.
विचारलं, "राहती कुठं?" सांगितलं. नाहीतर मुलाखत खोटी वाटली असती.
"अजून कुनी ऐकलंय का ह्ये?" मी म्हणालो, फक्त माझा एडिटर. सिद्दीक. दौंडला दुकान आहे.
बंगल्यावर नेऊन बॅगेतलं कार्ड आणि माझा फोन आप्पांनी त्यांच्या तिजोरीत ठेवून घेतले. तिजोरी! सिद्दीककडं साधा ड्रॉवर आहे. फोनच्या बदल्यात नवीन फोन दिला.
म्हणजे शब्द मोडला असं म्हणता येणार नाही. परिस्थिती बदलली, एवढंच.

२९ जानेवारी
दौंड. कुशाबाईंच्या खोलीला कुलूप.
शहाबानोचाची दार अर्धंच उघडून बोलल्या. दोन गाड्या आल्या होत्या. भाचे म्हणून सांगितलं. बोलायला एकदम गोड. बाईंची पिशवीसुद्धा त्यांनीच उचलली. "भाचे कुठनं येनार तिला? एवढ्या वर्सांत तिच्याकडं कुत्रं आलं न्हाई. तुम्ही आला." मग दार लावलं.
नातेवाइकांनी म्हातारपणी नेलं असेल तर चांगलंच आहे.
सिद्दीकला सगळं सांगितलं. वाटलं, ओरडेल. ओरडला नाही. एवढंच विचारलं, "माझं नाव सांगितलंस?" मी म्हणालो, क्रेडिट तर द्यावंच लागतं ना यार.
तो कॉम्प्युटरच्या वायरी गुंडाळत बसला. मी निघालो.

३ फेब्रुवारी
जेवण जात नाही. ॲसिडिटी. दाढी काढली, खाजत होती.
आप्पांना फोन करून कुशाबाईंची चौकशी करायची, हे आज नक्की. केला नाही. कार्यक्रमाच्या गडबडीत असतील.

८ फेब्रुवारी
पंचाहत्तरी. भला मोठा मांडव. फिल्म दाखवली, पुण्याच्या कंपनीची. ड्रोन, सूर्योदय, सगळं. त्यांना काम केव्हाच दिलं होतं, असं त्यांचा कॅमेरामन म्हणाला. मला पाहुण्यांचे फोटो काढायला सांगितलं.
मग स्टेजवर कुशाबाईंना आणलं. जिवंत आहेत हे बघून मी मोठ्याने श्वास सोडला, शेजारच्याने वळून बघितलं. अंगावर नवी पैठणी, दोन्ही बाजूंना दोन 'भाचे'. आप्पांनी स्वतः माइक धरला. बाई म्हणाल्या, "हरिबा पाय घसरून गेला. गानं आप्पांचंच. आप्पांनी मला सांभाळलं." टाळ्या. पुढच्या रांगेत गेनबामामा होते. त्यांच्याच टाळ्या सगळ्यांत शेवटी थांबल्या.
फोटो घ्यायला स्टेजजवळ गेलो. बाई लेन्समध्ये बघत हळूच म्हणाल्या, "आता गाडी न्हाई आली मधी. ऐकू आलं न्हवं नीट?"
फोटो हलला.
घरी आल्यावर सुवर्णाला पहिल्यापासून सगळं सांगितलं. वाटलं होतं, ती भांडेल. तिने पोरांना आत बोलावलं आणि दाराला कडी लावली.

१० फेब्रुवारी
दौंड. सिद्दीकची माफी मागायची, असं ठरवून गेलो. दुकान बंद. बोर्डही काढलेला. घराला कुलूप. शेजारचा पानवाला म्हणाला, बायकोपोरांना घेऊन गेला, सामानही नेलं. कुठं? माहीत नाही.
नंबर लावला. बंद.
परतीच्या एसटीत असताना आप्पांचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच मायेचा. "डायरेक्टर, तुमचा त्यो एडिटर कुठं गेला म्हनायचा?"
मी म्हणालो, माहीत नाही आप्पा.
"खरंच?"
खरंच. इतक्या दिवसांत आप्पांना पहिल्यांदाच काही सांगता आलं नाही.
सिद्दीकने जाताना मला कळवलं नाही. बरोबर केलं त्याने. मी सांगितलं असतं.