आधी तिचं डोकं वळवा

३ जून
आले एकदाची! खोली छोटी, पण हवा खेळती. प्रसूतिगृहाच्या मोठ्या डॉक्टरबाईंनी स्वतः चहा करून पाजला. भूल देणारी कायमची डॉक्टर मिळाली, आता जीव भांड्यात पडला, म्हणाल्या. ऑपरेशन थिएटर लख्ख आहे. सिस्टरताई बोलक्या, अगदी तोंडाला कुलूप नसलेल्या. आईला फोनवर सांगितलं, माणसं चांगली आहेत.

५ जून
पहिलं सिझेरियन. कमरेखाली बधिर करणारं इंजेक्शन पाठीत दिलं. रक्तदाब घसरला की मळमळतं, म्हणून त्याचं औषध सलाईनसोबत चालू ठेवलं; उलटीचंही आधीच दिलं. दाब जागचा हलला नाही. तरी बाळ बाहेर येताच बाई ओकायला लागली. मी तिचं डोकं पटकन बाजूला वळवलं, तोंड साफ केलं. नंतर ओशाळून म्हणाली, कोपऱ्यातली बाई ओकत होती, ते बघून मलाही मळमळून आलं.
कोपऱ्यात कुणीच नव्हतं.

८ जून
आणखी दोघींचं तेच. उलटीची दोन औषधं मिळून दिली. गर्भपिशवी बाहेर ओढली की मळमळतं, म्हणून ती पोटाबाहेर न काढताच शिवा, असं डॉक्टरबाईंना विनवलं; त्यांनी ऐकलंही. उपयोग शून्य. दोघींनी तीच बाई पाहिली. उताणी, हात पसरलेले, तोंड भरलेलं.

९ जून
सिस्टरताईंना खोदून विचारलं. त्यांनी आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाल्या, जुनं टेबल त्याच कोपऱ्यात होतं. एक बाळंतीण उताणीच ओकली. बाळ रडत नव्हतं, सगळे त्याच्यामागे. हिचं डोकं कुणी वळवलंच नाही. छातीत गेलं सगळं. बाळ वाचलं, ती गेली.


११ जून
आजची पेशंट ओकता ओकता माझा हात धरून म्हणाली, "माझं राहू द्या हो. आधी तिचं डोकं वळवा. तुमच्याकडेच बघतेय ती."
कोपऱ्यात गेले. सगळ्यांसमोर, वेडीसारखा हवेत हात घातला – ओले केस लागले. गार गाल. डोकं वळवलं.

१२ जून
दोन सिझेरियन. कुणालाच मळमळ नाही. डॉक्टरबाई खूश. मी हात धुतेय, धुतेय – वास जात नाही.

१३ जून
सकाळपासून तोंडात पाणी येतंय. कमरेखाली मुंग्या –

पलंगावर उताणी आहे. पाय माझे नाहीतच. मान हलत नाही, लिहिणारा हात तेवढा हलतोय. हाक मारली, आवाज – पोटातून वर येतंय –

ती आलीय. ओले केस. पांघरूण उचकटतेय, उशीखाली बघतेय – बाळ शोधतेय. माझ्याकडे बघतच नाही. बाई गं, बाळ नाही इथे, आधी माझं डो–