तुझ्या डब्यातला अडुळसा

प्रिय ताई,

तुझ्या डब्यातल्या चूर्णाची तपासणी झाली. आईला सांगून झालं, दाजींना सांगून झालं. तुलाच सांगायचं राहिलं, म्हणून लिहायला बसले.

तू गेलीस तेव्हापासून आई दाजींशी बोलत नव्हती. तीर्थपुरीच्या बाजारातून ते अडुळशाचं चूर्ण त्यांनीच आणलं होतं ना? तेराव्याला आल्यागेल्यांसमोर ती म्हणाली, "ह्यानंच माझ्या लेकीला कायबी झाडपाला चारला."  नंतर अंबडहून डबा घेऊन दाजी जालन्याला माझ्या कॉलेजात आले. "तू औषधी पानांचंच शिकवतीस ना? बघ ह्यात काय हाय. जे निघंल ते बराबर सांग. मला वाचवू नको."

खरं सांगू? भेसळ निघावी असंच मला वाटत होतं. अडुळशात महारुखाची पानं मिसळतात, हे मी दरवर्षी वर्गात शिकवते. महारुख निघाला असता तर विकणाऱ्यावर राग काढता आला असता.

चिमूटभर चूर्ण उकळून स्वच्छ केलं, काचपट्टीवर घेतलं, मायक्रोस्कोपखाली धरलं. अडुळशाच्या पानावरच्या बारीक रंध्रांना दोन पेशी आडव्या बिलगलेल्या असतात. महारुखात तशा नसतात. मी महारुख शोधत होते, पण जिथं बघावं तिथं अडुळसाच. मग रासायनिक चाचणी केली. खात्रीच्या अडुळशाचा अर्क आणि तुझ्या चूर्णाचा अर्क एकाच पट्टीवर शेजारी शेजारी चढवले, वर रसायन फवारलं. दोन्हीकडे नारिंगी ठिपके एकाच उंचीवर उमटले. दुसरं काही मिसळल्याची खूणही दिसली नाही.

अडुळसा अस्सल होता, ताई. तुझ्या दम्याला तो पुरणारा नव्हता, एवढंच.

दम्याचा पंप का घेतला नाहीस गं? डॉक्टरांनी दिलेला पंप तुझ्या कपाटात सापडला, वेष्टणसुद्धा न काढलेला. मी फोनवर विचारलं की म्हणायचीस, "घेऊन राह्यले ना, बिलकुल रोज." आणि सोयाबीनच्या मळणीत, त्या धुळीत, नुसता पदर तोंडाला लावून उभी राहायचीस. चारचौघांत पंप ओढला की बाया म्हणतात, हिला सवय लागली. दवाखान्याच्या वाटेवर तुझा श्वास थांबला, तेव्हा त्या बायांपैकी कुणी तुझ्यासोबत होतं का?

आईला सांगितलं तेव्हा ती ओट्यापाशी होती. "मंग माझी लेक कशानं गेली?"

"दम्यानं, आई."

"आन् त्यानं आणलेलं?"

"ते अस्सलच होतं. दाजींचा काही दोष न्हाई."

ती रडली नाही. ओले हात पदराला पुसत म्हणाली, "फोन लाव त्यांना." दाजींनी उचलला. ती म्हणाली, "जेवलात का?" पलीकडून हुंदका ऐकू आला.

मला मात्र हलकं वाटत नाही. रागवायला आता कुणी उरलंच नाही, तुझ्याशिवाय. आणि तुझ्यावर तरी किती रागावू?

तुझ्या लेकीची, गौरीची छाती या थंडीत वाजून राह्यलीय. तिला मी स्वतः डॉक्टरकडे नेणार आहे. त्यांनी पंप दिला तर ती तो वर्गात, एसटीत, लग्नाच्या मांडवातसुद्धा सगळ्यांदेखत घेईल. कुणी काही बोललं तर उत्तर मी देईन. एवढा शब्द देते.

तुझीच,
सुनी